सरपंचाचं महिन्याचं पत्र: माझा अनुभव

१५ ऑगस्ट २०२३. झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटून झाल्या आणि ग्रामसभेला बसायला उरलो आम्ही एकवीस जण. त्यातले सात ग्रामपंचायतीचेच सदस्य, आणि दोघं पारावरून उठायचा कंटाळा आला म्हणून थांबलेले. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं, वहीत 'गणपूर्तीअभावी तहकूब' लिहिलं आणि मला म्हणाले, "ताई, काळजी नको. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. परत तेच विषय घेऊ, उरकून जाईल."

नियम तसाच आहे. पण ते 'उरकून जाईल' माझ्या डोक्यातनं गेलं नाही.

(ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी कागदावर ते 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले, गावाच्या तोंडातलं भाऊसाहेब काही गेलं नाही.)

आमचं गाव माणदेशातलं, दोन हजारांच्या आतल्या वस्तीचं. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत सरपंचपद महिलेला राखीव होतं, निवड थेट जनतेतून होती. डी.एड. करून भरतीची वाट बघत घरी बसलेली मी उभी राहिले आणि निवडून आले. पण पहिले आठ महिने मी खुर्चीवर फोटोपुरतीच होते. कारभार 'आमचे हे' आणि भाऊसाहेब बघायचे. मला फोन यायचा, "जरा ऑफिसला येऊन जा, तीन सह्या आहेत."

त्याच ऑगस्टमध्ये डोंबिवलीला मावशीकडं बारशाला गेले. तिच्या बिल्डिंगच्या जिन्यात एक कागद लावलेला होता, महिन्याचा जमाखर्च. मोटारीची दुरुस्ती इतकी, वॉचमनचा पगार इतका, मेंटेनन्स कुणाकुणाचा थकलाय, खाली सेक्रेटरीची सही. लिफ्ट येईपर्यंत बायका तो वाचायच्या. एकीनं तर माझ्यादेखत सेक्रेटरीला गाठून विचारलं, "मोटार याच वर्षी दुसऱ्यांदा कशी हो बिघडली?" चाळीस बिऱ्हाडांना हा हिशोब मिळतो, आणि आमच्या गावाला वर्षातून चारदा बोलावूनही मिळत नाही, कारण कुणी येतच नाही. येत नाहीत तर कागदानंच त्यांच्याकडं जावं, असं परतीच्या एसटीत ठरवलं.

पहिलं पत्र सप्टेंबरात काढलं आणि ते साफ पडलं. दोन्ही बाजूंनी भरलेला एक कागद: केंद्राची अमुक योजना, राज्याची तमुक योजना, लाभ घ्यावा ही विनंती, आपली नम्र. पाच ठिकाणी लावायचं ठरलं: ग्रामपंचायत, शाळा, विकास सोसायटी, मारुतीचं देऊळ आणि दूध डेअरी. शिपाईमामांनी गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवलं. दुसऱ्या दिवशी देवळापुढचा कागद शेळीनं खाल्ला. तेव्हापासून सेलोटेप.

डेअरीवर मी मुद्दाम उभी राहिले. सकाळी दुधाची फॅट मोजून होईपर्यंत माणसं पाच-दहा मिनिटं रिकामी असतात. एका तात्यांनी चष्मा लावून पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, किटली खाली ठेवली आणि म्हणाले, "सूनबाई, ह्ये समदं टीव्हीवर बी सांगत्यात. आपल्या गावात किती आलं आन् कुठं गेलं, त्ये लिव की."

ते मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या पत्रासाठी मी रोकडवही मागितली, नमुना ५. "कशाला डोकं शिणवताय ताई, ऑडिटला मी आहे ना," भाऊसाहेब म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांच्याकडं तेव्हा तीन गावांचा भार होता आणि कुठल्याच गावात सरपंच वही मागत नव्हता. दर मासिक सभेत 'मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे' हा विषय असतोच, पण तो चहा यायच्या आत 'मंजूर, मंजूर' म्हणत संपतो. मीही आठ महिने तसंच म्हटलं होतं. आता एक-एक ओळ विचारत बसले. दिवाबत्तीचं साहित्य, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, शिपायाचा पगार. मग केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशांतून दिलेलं एक बिल आलं.

"यावर माझी सही कुठाय?"

"ती डिजिटल असते ताई. ऑनलाईन. डोंगलवर."

"आणि माझा डोंगल?"

"ऑपरेटरकडं."

ऑपरेटरनं ड्रॉवर उघडला. पेनड्राईव्हसारखे दोन डोंगल, एक माझा आणि एक भाऊसाहेबांचा, एकाच रबरबँडात गुंडाळून ठेवलेले. दोन्हींवर पांढरी पट्टी, पट्टीवर बॉलपेननं पिन. हे पैसे ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून दोघांच्या सहीशिवाय सुटत नाहीत, ते कशासाठी, तर एकानं दुसऱ्यावर लक्ष ठेवावं म्हणून. आणि आमच्या दोघांच्या सह्या एका रबरबँडात सुखानं नांदत होत्या! त्यात काही गैर झालेलं मला सापडलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. पण डोंगल मी उचलला, पिन बदलून घेतला, आणि तो आजही माझ्या पर्समध्ये असतो. घरी दोन दिवस अबोला. "माझ्यावर विश्वास नाही का?" "तुमच्यावर आहे, त्या पांढऱ्या पट्टीवर नाही."

ऑक्टोबरच्या पत्रात मग काय आलं, काय गेलं आणि काय अडलं, एवढंच लिहिलं. त्यानं मात्र गाव जागं झालं. पहिला सवाल आला तो खात्यात पैसे दिसत असताना वरच्या आळीचा रस्ता का होत नाही याचा. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित असा यायचा. ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच, आणि उरलेल्या ४० टक्क्यांत बाकीचं सगळं. हे शासन निर्णयाच्या भाषेत लिहिलं तर पुन्हा शेळीच खाईल. म्हणून लिहिलं, "सासऱ्यांनी बियाण्याला दिलेले पैसे साडीला मोडता येत नाहीत, तसं आहे हे." गावाला पटलं. सासरे आठवडाभर गुरगुरत होते, "माझं नाव कशाला घातलं पत्रात?"

एका महिन्यात मी सहज एक ओळ टाकली: ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. चार दिवसांनी ऑफिसच्या पायरीशी तीनचाकी सायकल थांबली. पोलिओनं पाय गेलेला आमच्याच गावचा माणूस, पत्राची घडी खिशात. रॅम्प नसल्यानं त्यानं खालूनच विचारलं, "ताई, ह्ये पाच टक्के मागच्या साली कुणाला दिलं?" वही काढली. कुणालाच दिले नव्हते, आकडा तसाच पुढं ओढला होता. पुढच्या मासिक सभेत ठराव घेऊन नोंद असलेल्या सगळ्यांना वाटप केलं. आमची घरपट्टी-पाणीपट्टी ती किती, तिचे पाच टक्के ते किती! वाट्याला आलेली रक्कम सांगायलाही संकोच वाटावा अशी होती. त्यानं पावती मात्र मागून घेतली, आणि जाताना रॅम्पचं विचारलं. रॅम्प झाला. चढ थोडा उभा झालाय, तो आता 'काय अडलं' मध्ये आहे.

माझी चूकही सांगते. डोंबिवलीच्या जिन्यातला कागद डोक्यात होता, म्हणून एका पत्रात मी घरपट्टीचे मोठे दहा थकबाकीदार नावानिशी छापले. त्याच संध्याकाळी एक आजी काठी टेकत घरी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या, आत या म्हटलं तरी येईनात. "पोरी, ज्येंचं नाव छापलंस त्येंना जाऊन तीन वर्सं झाली. हयात असताना एक रुपाया कुणाचा ठिवला न्हाई, आन् मेल्यावर तू त्येंला डेअरीवर टांगलंस." नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टी आकारायच्या वहीत, वारसनोंद झालीच नव्हती. मागणीचं बिल दरसाल मेलेल्या माणसाच्या नावानं निघत होतं आणि ऑफिसातच पडून राहत होतं. आजींना देणं आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. रात्रीच जाऊन पाचही ठिकाणचे कागद काढले. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं मी स्वतः करून नोंद लावली, आणि पुढच्या पत्रात पहिल्या चार ओळी माफीच्या लिहिल्या. त्यानंतर नावं नाहीत, फक्त आळीवार आकडा. आळीला स्वतःचा आकडा बघून जी लाज वाटते ती पुरेशी असते.

पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही जातो. आमच्याकडची बरीच घरं सोनं-चांदी गाळायच्या गलाई धंद्यात आहेत, दुकानं पार कोइमतूर-लखनौपर्यंत. गावातला घरी येऊन बोलतो, गलाईवाला रात्री अकराला दुकान बंद करून दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकतो. पण घरपट्टी भरण्यात तेच पुढं.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. कामांचे फलक झाकले गेले आणि माझं पत्रही थांबलं. सात महिने दर महिन्याला काढून मला खरंतर शंका यायला लागली होती, की वाचतं कोण, ह्या झेरॉक्सला मी पदरचे पैसे घालते ते कशासाठी. तो उन्हाळा टँकरचा होता. एप्रिलात डेअरीवरचे तेच तात्या वाटेत आडवे आले. "पत्र का न्हाय लावलं? टँकरच्या खेपा कुठं बघायच्या आमी?" फेब्रुवारीच्या पत्रात कुठल्या वस्तीवर किती खेपा झाल्या ते लिहिलं होतं. त्यावरून दोन वस्त्या भांडल्याही होत्या. वाचत नसते तर भांडले नसते. ६ जूनला आचारसंहिता उठली आणि त्याच आठवड्यात पत्र पुन्हा लागलं.

बाहेरच्या बातम्या द्याव्या लागतात, पण त्या जपून. जुलै २०२४ ला लाडकी बहीण आली तेव्हा दोन महिने पत्रात दुसरं काही मावलंच नाही: २१ ते ६५ वय, अडीच लाखांच्या आत उत्पन्न, आधारला जोडलेलं खातं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिची ई-केवायसी सुरू झाली. मुदत दोन महिने, म्हणून मी ठळक अक्षरात छापलं, '१८ नोव्हेंबर शेवटचा दिवस'. बायका कामाचा खाडा करून, ओटीपी येईना म्हणून रानातनं टेकडीवर चढून केवायसी करत होत्या. आणि मुदत वाढली ३१ डिसेंबरपर्यंत. "तुझ्या कागदापायी माझी दोन दिवसांची मजुरी बुडाली," हे मला तोंडावर ऐकवलं गेलं. आता खाली एक ओळ कायमची असते, 'वरील माहिती आजच्या तारखेपर्यंतची आहे'. मजुरी त्यानं परत येत नाही ते सोडा.

स्वतःचंही छापलं. २०२४ च्या सप्टेंबरात सरपंचांचं मानधन दुप्पट झालं, आमच्या आकाराच्या गावाला ३,००० चे ६,०००. पत्रात लिहिल्यावर धाकटी जाऊ म्हणाली, "वहिनी, आता झेरॉक्सचं रडगाणं बंद." बरोबर होतं तिचं.

एक ओळ मात्र जवळजवळ दर पत्रात तशीच असते. घरोघरी नळानं पाणी द्यायच्या जलजीवन योजनेची टाकी: बांधकाम पूर्ण, पाईप पूर्ण, घरोघरी नळ पूर्ण, पाणी नाही. माणशी रोज ५५ लिटर हा त्या योजनेचा वायदा. पाईपसाठी उकरलेला रस्ताही बुजवून झाला, विहिरीवरच्या पंपाला वीजजोडणी तेवढी राहिली. कधी कोटेशन, कधी खांब, कधी ठेकेदाराचं बिल अडलेलं. दर महिन्याला मी कुणाला भेटले, काय उत्तर मिळालं ते तारखेसकट लिहिते. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जलजीवन मिशनला २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली, तीही बातमी दिली. तात्यांनी वाचली आणि बोटं मोजली. "सूनबाई, तुझी मुदत त्येच्या आधी संपती की."

संपते खरी.

या महिन्याचं पत्र आत्ता लिहून झालं. टाकीच्या ओळीत फक्त महिना बदलला आणि एक भर घातली: खांब आले आहेत, रस्त्याकडेला पडले आहेत, चार आहेत, लागणार सहा. शिपाईमामा दारात उभे आहेत, लाईट जायच्या आत झेरॉक्स गाठायचंय त्यांना. सेलोटेप संपलाय म्हणतात.