पहिला चष्मा: फ्रेम लहान, काच साधी

एसटी पुढ्यात येऊन थांबेपर्यंत पाटी वाचता येत नाही, असं व्हायला लागलं की घरात चष्म्याचा विषय निघतो. दुकानात शिरल्यावर बहुतेकजण आधी फ्रेमच्या भिंतीसमोर उभे राहतात. मनात भरेल ती उचलतात. मग काउंटरवरून कळतं की या फ्रेममध्ये तुमच्या नंबरची काच जाड होईल, पातळ घ्यावी लागेल आणि ती महाग आहे. बजेट तिथेच कोसळतं. क्रम उलटा केला तर दीड-दोन हजारांत चांगला चष्मा होतो: आधी नंबर, मग दोन बाहुल्यांमधलं अंतर, त्यावरून फ्रेमचं माप, मग काच. रंग आणि फॅशन त्यानंतर.

नंबरपासून सुरुवात करू. यंत्रात हनुवटी टेकवली की लांब रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतो आणि खालून चिठ्ठी निघते. ती चिठ्ठी म्हणजे नुसता अंदाज. त्यावरून थेट चष्मा बनवून देणाऱ्या दुकानातून उठून यावं. खरी तपासणी त्यानंतर सुरू होते: चाचणीची गोल फ्रेम नाकावर चढवून, एक डोळा झाकून, ०.२५ च्या पायरीने काचा बदलत तक्ता वाचून घेतात. दोन्ही डोळे वेगवेगळे, मग एकत्र. या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उरकलं तर काहीतरी गाळलेलं असतं.

तरुण डोळ्यांची एक खोड आहे. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग आपोआप फुगतं, आणि यंत्रात बघतानाही ते फुगू शकतं. त्यामुळे मायनस नंबर खऱ्यापेक्षा जास्त येतो. शिवाय थोडा जास्त मायनस तरुणांना ‘आवडतो’, कारण अक्षरं काळीभोर आणि कडक दिसतात. म्हणून काच बदलल्यावर ‘आता बरं दिसतंय का?’ असं विचारलं की स्वतःला एकच प्रश्न विचारा: आधी न वाचता येणारं एखादं अक्षर आता वाचता येतंय का? अक्षरं फक्त बारीक आणि काळी झाली असतील तर तसं स्पष्ट सांगा, ती पायरी नको असते. लाल-हिरव्या पाटीवर हिरव्यातली अक्षरं ठळक दिसत असतील तरी मायनस जास्त झाल्याची शंका घ्यावी. ठरलेला नंबर चाचणीच्या फ्रेममध्ये ठेवून दहा मिनिटं बसा, दुकानाच्या दारात जाऊन रस्ता बघा, चार पावलं चाला. हे मागायला संकोच करू नये.

लहान मुलांमध्ये ही खोड इतकी जोरात असते की थेंब घालून बाहुली मोठी केल्याशिवाय नंबर खरा कळत नाही. म्हणून मुलाचा पहिला नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच काढावा. मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल तर नंबरही तिच्याबरोबर हलतो. साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर राहिली की मगच चष्मा करा, नाहीतर दोन महिन्यांत तो निकामी वाटेल. आणि चाळिशी उलटलेल्यांनी नंबरसोबत डोळ्याचा दाब आणि पडदाही तपासून घ्यावा. काचबिंदू नंबरच्या तक्त्यावर दिसत नाही.

पैशांची खरंच ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात जा. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोयही आहे. शाळेत तपासणी झाली असेल तर आधी तिथे विचारा.

चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्यापुढे तीन आकडे येतात. पहिला मुख्य नंबर. मायनस म्हणजे लांबचं अंधूक, प्लस म्हणजे उलट. दुसरा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, आणि तिसरा त्याचा अक्ष, १ ते १८० अंशांमध्ये. सिलिंडर असून अक्ष लिहिलेला नसेल तर चिठ्ठी अपुरी आहे. चाळिशीनंतर जवळच्यासाठी ‘अ‍ॅड’ म्हणून चौथा आकडा येतो. दोन ठिकाणी तपासून दोन वेगळ्या चिठ्ठ्या मिळाल्या तर लगेच घाबरू नका. -२.०० सोबत -१.०० सिलिंडर १८० अंशांवर, आणि -३.०० सोबत +१.०० सिलिंडर ९० अंशांवर, या दोन्ही एकाच काचेच्या दोन लिहिण्याच्या पद्धती आहेत.

चिठ्ठीवर बहुतेकदा नसतो तो आकडा म्हणजे पीडी, दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिमीच्या दरम्यान असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर यायला हवा. तो सरकला की काच प्रिझमसारखी वागते, नजर ओढली जाते आणि संध्याकाळी कपाळ दुखतं. -१.०० नंबरला ३ मिमीची चूक सहसा जाणवत नाही. -५.०० ला तीच चूक दर डोळ्यामागे दीड प्रिझम होते (नजर ओढली जाण्याचं हे एकक). नंबर घेतला तिथेच पीडी मोजून चिठ्ठीवर लिहून घ्या. कोणी टाळाटाळ केली तर मिमीची पट्टी कपाळाला टेकवून दुसऱ्याकडून मोजून घेता येतं. तुम्ही लांब बघायचं. समोरच्याने आपला उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने तुमच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य धरायचं, मग डोळा बदलून, पट्टी न हलवता, तुमच्या डाव्या बाहुलीपाशी आकडा वाचायचा. तीनदा मोजा.

आता फ्रेम. काडीच्या आतल्या बाजूला ५४-१८-१४० असे आकडे छापलेले असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी. पहिल्या दोघांची बेरीज तुमच्या पीडीच्या जितकी जवळ, तितकं बरं. समजा पीडी ६२ आणि नंबर -३.००. ५४-१८ फ्रेमची बेरीज ७२, म्हणजे प्रत्येक काच ५ मिमी आत सरकवावी लागणार आणि तिची बाहेरची कड मध्यापासून ३२ मिमी लांब पडणार. साध्या १.५० काचेत (हा काचेचा अपवर्तनांक, तो जितका मोठा तितकी काच पातळ) ही कड साधारण ५ मिमी जाड होते. ४८-१८ फ्रेम घेतली तर बेरीज ६६, काच फक्त २ मिमी सरकते, कड २६ मिमीवर येते आणि जाडी ४ मिमी. तीच ५४-१८ फ्रेम ठेवून महागडी १.६० काच घातली तरी जाडी ४ मिमीच्या आसपासच येते! पातळ काचेसाठी मागितलेले जादा पैसे बहुतेक वेळा मोठ्या फ्रेमची भरपाई असते. मायनस नंबरवाल्याने लहान, गोलसर, पूर्ण कडेची फ्रेम घ्यावी. मोठ्या चौकोनी फ्रेमचा कोपरा म्हणजे जाडी दिसायची हमखास जागा.

अर्थात चेहऱ्याला फ्रेम बसलीही पाहिजे. घालून हसा. गालांनी फ्रेम वर उचलली गेली तर ती नको. मान खाली घालून डोकं हलवा, घसरली तर पूल रुंद आहे. पापण्या काचेला लागत असतील तर काच कायम तेलकट राहील. काड्या कानशिलाला दाबत असतील तर फ्रेम अरुंद आहे, आणि ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नये. चपट्या नाकाला हलवता येणारी नोज पॅड असलेली धातूची फ्रेम सोपी जाते. शेलच्या, म्हणजे जाड प्लास्टिकच्या फ्रेमचा पूल कायमचा असतो, तो नाकावर बसला तर बसला. शेल गरम करून वाकवता येतं, टीआर ९० हे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक हलकं आणि लवचीक असलं तरी तितकं ऐकत नाही. मुंबई-कोकणच्या घामट हवेत स्वस्त धातूचा मुलामा लवकर उडतो आणि काहींना त्यातल्या निकेलने नाकावर पुरळ येतं. अर्धी कड असलेली सुप्रा नायलॉनच्या दोऱ्यावर काच धरते आणि बिनकडेची फ्रेम काचेत भोक पाडून बसते. दोन्ही छान दिसतात, पण पहिल्या, एकुलत्या एक चष्म्याला नकोत. बिजागरीला स्प्रिंग असेल तर ती तुटल्यावर गल्लीतला चष्मेवाला हात वर करतो. साध्या स्क्रूची बिजागरी कुठेही दुरुस्त होते.

काचेत निवड वाटते तेवढी मोठी नाही. साधारण ±३.०० पर्यंत १.५० ची फायबर, म्हणजे प्लास्टिकची काच पुरते, आणि तिच्यातून दिसतंही सगळ्यात स्वच्छ. ‘थोडी पातळ’ म्हणून पुढे केली जाणारी १.५६ वरच्या लहान फ्रेममध्ये पाव मिमीपेक्षाही कमी फरक पाडते. ती त्याच भावात मिळत असेल तर घ्या, वेगळे पैसे देऊ नका. -४.०० च्या पुढे १.६० ला अर्थ आहे. १.६७ आणि १.७४ बजेटमध्ये बसत नाहीत, आणि त्यांत काचेच्या कडेने बघताना दिव्यांभोवती रंगीत किनार दिसण्याचा दोष असतो. पॉलिकार्बोनेटच्या काचेलाही तो दोष आहे आणि तिच्यावर लवकर चरे पडतात, तरी लहान मुलांना आणि कारखान्यात काम करणाऱ्यांना तीच द्यावी, कारण आघाताने ती सहजी फुटत नाही.

कोटिंगपैकी पैसे द्यावेत असं एकच: एआरसी, म्हणजे काचेवरचं परावर्तन घालवणारं. रात्री गाडी चालवताना त्याचा उपयोग कळतो. चरे रोखणारं हार्ड कोटिंग बहुतेक फायबर काचांवर आधीच असतं, विचारून खात्री करा. निळा प्रकाश अडवणाऱ्या ब्लू कटसाठी मात्र एक रुपयाही जादा देऊ नये. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. संगणकामुळे डोळ्यांवर येणारा ताण या काचांनी अल्पावधीत कमी होतो, असं त्यांतून दिसलं नाही. स्क्रीनसमोर डोळे जळजळतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्यामुळे.

भाव गावागणिक बदलतात, तरी फ्रेमला ५०० ते ८०० आणि एआरसी असलेल्या काचेच्या जोडीला ६०० ते १,००० अशी विभागणी मनात धरून दुकानात जा. ‘फ्रेम फुकट’ असेल तिथे काचेचा भाव दुसरीकडे विचारून बघा. ‘एकावर एक’ची ऑफर दुसऱ्या जोडीची खरी गरज असेल तरच कामाची. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, बिलावर नजर टाका. बिलात काचेचा प्रकार, कोटिंग आणि नंबर लिहून घ्या. ऑनलाइन मागवायचं असेल तर ±२.०० च्या आत आणि सिलिंडर १.०० पेक्षा कमी असेल तोवर धोका थोडा. त्यापुढे नको, आणि प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर) तर कधीच नको. उलट नुसती चाळिशी लागली असेल, दोन्ही डोळे सारखे आणि लांबचा नंबर शून्य असेल, तर तयार मिळणारा वाचायचा चष्माच घ्यावा. दोन्ही काचा एकाच नंबरच्या आणि सिलिंडरशिवाय असतात, ही त्याची मर्यादा.

चष्मा हातात आल्यावर दुकानातच लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर लावून चिठ्ठीशी ताडून मागा. घरीही ढोबळ तपासणी होते. चष्मा हातभर लांब धरून एका काचेतून दाराची उभी चौकट बघा आणि चष्मा उजवीकडे सरकवा. काचेतली रेघ त्याच दिशेला सरकली तर काच मायनसची, उलट सरकली तर प्लसची. चष्मा चाकासारखा थोडा फिरवला आणि रेघ तिरकी झाली तर सिलिंडर आहे. चिठ्ठीत सिलिंडर नसताना रेघ कलत असेल तर लगेच परत जा. उजवी-डावी काच अदलाबदल होणं ही चूकही होते, आणि ती अशी सापडते.

पहिले काही दिवस जमीन थोडी वर आल्यासारखी वाटेल, सिलिंडर असेल तर दाराच्या चौकटी कलल्यासारख्या. सलग घाला, काढ-घाल करत बसलात तर सवय लांबते. सवय होईपर्यंत जिना जपून उतरा, दुचाकी नको. दोन आठवड्यांनंतरही डोकं दुखत असेल, किंवा एकेका डोळ्याने नीट आणि दोन्हींनी मिळून दोन दोन दिसत असेल, तर चष्मा आणि चिठ्ठी दोन्ही घेऊन जा आणि आधी पीडी व अक्ष तपासायला सांगा, नंबर नंतर. धुताना साधं पाणी, थेंबभर पातळ साबण आणि मऊ सुती फडकं. कोरडी काच शर्टाच्या टोकाने पुसली की धुळीचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर एआरसीला जाळीदार तडे जातात. ते मग कशानेही निघत नाहीत, काचाच बदलाव्या लागतात.