एकाच सरोवरात राहून प्रजाती दोन कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडे माशांच्या टाक्या बघायला येणारे बहुतेकजण आधी लाल माशाकडे, मग निळ्याकडे बोट दाखवून हेच विचारतात, "दोघं एकाच सरोवरातले ना? मग प्रजाती दोन कशा?" प्रश्न रास्त आहे. आपल्या डोक्यात सह्याद्री बसलेला असतो. मध्ये डोंगर आला, नद्या तुटल्या, दोन्हीकडचे मासे आपापल्या वाटेने बदलत गेले, हे पटकन पटतं. सरोवरात डोंगर कुठून आणायचा?

हे मासे पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले, आणि तिथे ते काम बऱ्याच अंशी उजेड करतो. तिथलं पाणी गढुळसर. त्यातले कण आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश निळा प्रकाश आधी गिळून टाकतात. समुद्रात खोल गेलं की सगळं निळं होतं. इथे उलट, काही मीटर खाली नारिंगी-तांबडं. टांझानियातल्या म्वांझा आखाताजवळच्या खडकाळ बेटांभोवती निळा पुंडामिलिया पुंडामिलिया (शास्त्रीय नावच असं दुहेरी) अगदी उथळ पाण्यात राहतो आणि लाल पुंडामिलिया न्येरेरेई त्याच्या खालच्या अंगाला. (हे नाव टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून.) माद्या दोन्हीकडच्या सारख्याच मळकट पिवळ्या. फरक डोळ्यांत आहे: खालच्या माशांची नजर तांबड्या प्रकाशाला जास्त तिखट. नर खडकातली एखादी कपार धरून बसतो, रंग दाखवतो, आणि मादी निवडते. तांबूस अंधारात तिला उठून दिसणार तो लालच. वर उन्हात निळा.

प्रयोगशाळेत टाकीवर फक्त नारिंगी उजेड सोडला तेव्हा माद्यांना नर ओळखता येईनात. कुठल्याही नराशी जमवून मोकळ्या झाल्या. पिल्लंही ठणठणीत, पुढे वीण देणारी. मग या प्रजाती वेगळ्या म्हणायच्या का, असा फाटा कोणीतरी फोडतंच. माझं मत विचाराल तर, स्वच्छ पाण्यात शेजारी राहूनही ते आपापले राहतात, एवढं मला पुरेसं आहे.

आणि हे सगळं भलतंच नवं आहे. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी व्हिक्टोरिया कोरडं पडलं होतं. आज तिथल्या सिक्लिड माशांच्या (हे लाल-निळे ज्या कुळातले, त्या कुळाच्या) प्रजाती 500 च्या आसपास धरतात. इतक्या झटपट कसं जमलं? 2017 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसलं की काँगोकडच्या आणि नाइलकडच्या दोन जुन्या वंशांचा त्याआधीच संकर झाला होता. नजरेच्या जनुकाची दोन वेगळी रूपं तिथूनच आली. दुकान नवं, माल जुना.

या सरोवरातले मासे गेले म्हटलं की सगळे नाइल पर्चच्या नावाने खडे फोडतात. 1950 च्या दशकात सोडलेल्या त्या शिकारी माशाने खाल्लं ते खाल्लंच. पण जंगलतोडीची माती आणि शेतातली खतं पाण्यात उतरली, शेवाळ माजलं, पाणी आणखी गढूळ झालं, हे कमी लोक बोलतात. म्वांझा आखाताच्या तोंडाशी, स्वच्छ पाण्यातल्या बेटांवर लाल आणि निळे स्पष्ट वेगळे. आखातात आत शिरत गेलं की मधल्या छटांचे नर वाढतात, आणि सगळ्यात गढूळ ठिकाणी लाल कुठला, निळा कुठला, हा हिशेबच उरत नाही.