बडोद्याहून मोटेरा: २०३०च्या तयारीतलं अहमदाबाद बघायला जाताना

२०२५च्या नोव्हेंबरात ग्लासगोच्या सभेत २०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धांवर अहमदाबादचं नाव पक्कं झालं आणि आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात घरोघरी क्रीडामंत्री तयार झाले. पार्किंग कुठे, तिकीट कितीला, पाणी पुरणार का? म्हटलं, ओट्यावर बसून बोलण्यापेक्षा बघून येऊ. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, उलटल्यावर आतेभावाला घेऊन निघालो. तो मल्लखांब शिकवतो. यजमानांना स्वतःचा एखादा पारंपरिक खेळ सुचवायला वाव असतो, हे कळल्यापासून त्याचा पाय जमिनीवर नाही.

आधी जायचं कसं ते सांगतो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, सकाळी गाड्याही बऱ्याच. पण कालूपूरचं, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्टेशनचं, मोठं नूतनीकरण चालू आहे, त्यामुळे काही गाड्या कालूपूरपर्यंत न जाता वटवा, मणिनगर किंवा साबरमतीला थांबतात. तिकीट काढतानाच शेवटचं स्टेशन बघा. एक्स्प्रेसवेच्या बसने आलात तर गीतामंदिरच्या एसटी स्टँडपर्यंत जायची गरज नाही. सीटीएम चौकात उतरून रिक्षाने रबारी कॉलनीचं मेट्रो स्टेशन गाठा.

कालूपूरला मेट्रो जमिनीखाली आहे. शाहपूर सोडलं की गाडी एकदम उजेडात येते आणि खाली साबरमती दिसते; खिडकीची जागा इथेच वसूल होते. ओल्ड हायकोर्टला उतरून मजला बदलायचा आणि मोटेराची गाडी धरायची. पाट्या ठळक आहेत, पण आईबाबा बरोबर असतील तर लिफ्ट शोधायला पाच मिनिटं जास्त ठेवा.

मोटेराला फलाटावरूनच नरेंद्र मोदी क्रिकेट स्टेडियम दिसतं. क्षमता १,३२,००० ची, पण बघण्यासारखी गंमत वेगळीच: प्रकाशझोताचे उंच खांबच नाहीत. दिवे छताच्या कडेला गोल बसवलेत, म्हणून फटका उंच गेला तरी मैदानावर सावल्या पडत नाहीत. आतेभावाला मात्र १९८७ आठवलं. गावसकरांनी कसोटीतल्या दहा हजार धावा इथेच पूर्ण केल्या. जुन्या स्टेडियमवर, पाकिस्तानविरुद्ध. समोरच्या किटलीवाल्या काकांनी अर्धी चहा ओतत विचारलं, "मॅच तो नथी आजे, शुं जोवा आव्या?" (आज मॅच तर नाही, काय बघायला आलात?) आम्ही तयारी म्हणालो. त्यांनी हसून रस्त्याकडे बोट दाखवलं: बॅरिकेड, मातीचे ढीग, तारेत अडकलेला गुलाबी पतंग.

त्यांचं खरं आहे. आजूबाजूला सरदार पटेल क्रीडा संकुल उभं राहायचंय, पण सध्या तिथे बघायला काही नाही. नुसत्या फोटोसाठी आलात तर अर्धा तास पुरे.

माझ्या मते खरी तयारी बघायची तर नारणपुऱ्याला जा. विजयनगर स्टेशनला उतरून रिक्षाने वीर सावरकर क्रीडा संकुल. सुमारे ८२५ कोटींचं हे काम २०२५च्या सप्टेंबरात खुलं झालं आणि लगेच तिथे आशियाई जलतरण स्पर्धा झाली. त्याच्या महिनाभर आधी अहमदाबादेत राष्ट्रकुल वेटलिफ्टिंग झालं. मीराबाई चानूने ४८ किलो गटात एकूण १९३ किलो उचलून सुवर्ण घेतलं. म्हणजे मोठ्या स्पर्धांची रंगीत तालीम सुरू झालीय, ती क्रिकेटच्या बाहेरच्या खेळांत. आतेभाऊ बराच वेळ कुंपणाशी उभा राहून आत येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या पिशव्या न्याहाळत होता. "खेळाडू सकाळी सहाला येतात का, ते महत्त्वाचं," म्हणाला. त्यामुळे सल्ला एवढाच की मोकळ्या दिवशी भिंती बघत फिरण्यापेक्षा एखादी स्पर्धा चालू असताना या, गर्दीची आवकजावकही कळते.

ऊन टाळा, मार्चनंतर दुपारी बाहेर उभं राहवत नाही. जेवण माणेक चौकात म्हणाल तर ते रात्रीचं, म्हणजे परतीची गाडी चुकणार. आम्ही परत येऊन सेव-उसळच खाल्ली, काही बिघडलं नाही. क्रिकेटच्या सामन्याला जाणार असाल तर मेट्रो उशिरापर्यंत सोडतात, पण परतीचं तिकीट आधी घेऊन ठेवा आणि शेवटची गाडी किती वाजता, ते त्याच दिवशी तपासा.

राहण्याचं म्हणाल तर २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला अहमदाबादेतल्या खोल्यांचे दर आठवा. २०३० मध्ये मुक्काम बडोद्यात ठेवून रोज ये-जा करणं स्वस्त पडेल, असं मला वाटतं. पुण्या-मुंबईच्या नातलगांनाही ते उशिरा का होईना सुचेलच, तेव्हा जादा गाद्या पिंजून ठेवायला हरकत नाही.