पांढरा दाणा, काळा दाणा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "बाई, चिठ्ठ्या टाकून कुणी राज्य चालवतं का?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. तेवीस वर्षं अकरावी-बारावीला इतिहास शिकवला. प्राचीन ग्रीसचा विषय निघाला की मी अथेन्सवर रेंगाळायचे, आणि तिथले बहुतेक अधिकारी निवडणुकीने नव्हे, सोडतीने नेमले जायचे असं सांगितलं की वर्गात हमखास हसू फुटायचं. आता निवृत्त झाल्यावर विचारणारे बदललेत. कधी भाचा, कधी शेजारच्या वहिनी, कधी वाचनालयात भेटणारे एक गृहस्थ. प्रश्न तोच. लोकशाहीचं माहेर म्हणायचं अथेन्सला, आणि तिथे माणसं चिठ्ठीने नेमायची, मग ती लोकशाही कसली?

सोडत आपल्याला अनोळखी नाही. ग्रामपंचायतीला दोन उमेदवारांना सारखी मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी उचलायला एखादं लहान मूल पुढे करतात. पण आपल्याकडे चिठ्ठी बहुतेक वेळा अडल्यावर येते. अथेन्समध्ये ती पायातच घातलेली होती, आणि पूर्ण विचार करून.

तो विचार ॲरिस्टॉटलने स्पष्ट लिहून ठेवलाय. सोडत ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या सत्तेची रीत समजली जाते, असं तो म्हणतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. नंतर पटत गेलं. मत मागायला उभा कोण राहतो? ज्याच्या घराण्याला नाव आहे, गाठीला पैसा आहे आणि जिभेवर सरस्वती आहे तो. मडकी घडवणारा, ऑलिव्हची चार झाडं राखणारा माणूस उभाच राहत नाही, राहिला तर पडतो. सोडतीला घराणं कळत नाही. आळीपाळीने राज्य करायचं आणि आळीपाळीने दुसऱ्याच्या राज्यात राहायचं, यालाच ते स्वातंत्र्य म्हणायचे.

इसवी सनापूर्वी 508-507 च्या सुमारास क्लेइस्थेनीस या पुढाऱ्याने अथेन्सच्या नागरिकांची नव्याने दहा गटांत वाटणी केली. प्रत्येक गटात थोडे किनाऱ्यावरचे, थोडे शहरातले, थोडे आतल्या भागातले, म्हणजे जुन्या घराण्यांची आपापल्या मुलखावरची पकड सुटावी. प्रत्येक गटातून 50 असे 500 जणांचं मंडळ वर्षभरासाठी. वयाची तिशी ओलांडलेली हवी, आणि आयुष्यात दोनदाच बसता येणार. नेमणूक दाण्याने. पांढरा दाणा निघाला की नेमणूक, काळा निघाला की घरी. ‘दाण्याने नेमलेला’ हा तिथला अगदी रोजचा शब्दप्रयोग होता.

प्रत्येक गटाचे 50 जण वर्षाचा एक दशांश काळ कारभार पाहायचे. आगोरात, म्हणजे भर बाजारचौकात, एक गोल इमारत होती, तिथे त्यांना सरकारी खर्चाने जेवण. त्यांच्यातले एक तृतीयांश तर रात्रीही तिथेच मुक्कामाला, कारण राज्याला रात्रीबेरात्री कुणीतरी जागं लागतं. आणि त्यांच्यातला एक रोज सोडतीने अध्यक्ष व्हायचा. एक दिवस आणि एक रात्र. तेवढा वेळ राज्याचा शिक्का आणि खजिना असलेल्या मंदिरांच्या किल्ल्या त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी दुसरा. पुन्हा जन्मात तो मान नाही.

मी वर्गात इथे थांबायचे. विचार करा म्हणायचे, तुमच्या आळीतल्या कुणाच्या तरी उशाशी आज रात्री राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या आहेत, आणि उद्या सकाळी तो त्या परत देऊन शेतावर जाणार आहे. वर्षाला साधारण साडेतीनशे माणसं या जागेवर बसून उठायची. सगळे मतदार मिळून 30,000 च्या आसपास. एका पिढीत कितीतरी घरांमध्ये ‘आमच्या आजोबांनी एक दिवस अथेन्स सांभाळलं होतं’ असं सांगणारं कुणी ना कुणी असणार.

मग पुढचा प्रश्न यायचा, बहुधा शेवटच्या बाकावरून. "बाई, ऑपरेशन करायचं तर डॉक्टर चिठ्ठीने निवडाल का?" हा आक्षेप अडीच हजार वर्षं जुना आहे आणि तो सॉक्रेटिसच्या नावावर आहे. जहाजाचं सुकाणू धरायला, घर बांधायला, बासरी वाजवायला कुणी दाण्याने माणूस निवडत नाही, मग राज्याला का, असं तो तरुणांना शिकवतो, हा त्याच्यावरचा आरोप त्याचा शिष्य झेनोफन याने नोंदवलाय.

याचं उत्तर अथेन्सच्या कारभारातच आहे. दहा सेनापती ते हात वर करून निवडायचे, आणि सेनापतीला पुन्हा पुन्हा निवडून यायला बंदी नव्हती. अथेन्सचा मोठा पुढारी पेरिक्लीस वर्षामागून वर्ष निवडून आला तो याच पदावर. कौशल्य कुठे लागतं आणि सरळपणा कुठे पुरतो, हे त्यांना चांगलं कळत होतं. सोडतीची कामं कुठली? बाजारात भेसळ होत नाही ना ते बघायचं. वजनं-मापं खरी आहेत ना ते तपासायचं. धान्य रास्त भावाने विकलं जातंय का, पावाचं वजन ठरल्याप्रमाणे भरतंय का ते पाहायचं. शहरातला मैला उचलणाऱ्यांनी तो तटापासून ठरलेल्या अंतरापलीकडेच टाकावा, यावर लक्ष ठेवायचं. आणि हे एकट्याने नाही, बहुतेक ठिकाणी दहा-दहा जणांनी मिळून. पावाचं वजन करायला मोठ्या घराण्यातला माणूस कशाला हवा?

शिवाय दाणा निघाला की संपलं असं नव्हतं. आधी पडताळणी. आर्खोन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, या पदावर नेमणूक झालेल्याला विचारायचे प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सची राज्यघटना’ या ग्रंथात दिलेत. तुझे वडील कोण, कुठल्या गावचे? आईचे वडील कोण? तुमच्या घराण्याच्या समाध्या कुठे आहेत? आईवडिलांना नीट वागवतोस का? कर भरतोस का? मोहिमेवर गेलास का? मग साक्षीदार बोलवायचे, आणि कुणाला आक्षेप घ्यायचा आहे का असं सगळ्यांदेखत विचारायचं. माझ्या विद्यार्थ्यांना यातला आईवडिलांचा प्रश्न फार आवडायचा. वर्ष संपलं की हिशेब. हिशेब मिटेपर्यंत माणसाला देश सोडता येत नव्हता.

(आपल्या दक्षिणेतही याचा फार जवळचा नमुना आहे. तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या मंदिराच्या भिंतीवर, इसवी सन 920 च्या आसपासच्या चोळ राजवटीतल्या शिलालेखात, ताडपत्रावर नावं लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाकडून काढून घ्यायची रीत कोरलेली आहे. आधीचा हिशेब न दिलेल्याचं नाव घड्यात टाकायचं नाही, असंही. ग्रीकांचा याच्याशी संबंध असल्याचा कसलाही पुरावा नाही. माणसं आपापल्या वाटेने तिथे पोचली.)

निवृत्तीच्या वर्षी मी अथेन्सला गेले. आयुष्यभर ज्याबद्दल बोलले ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. लोक ॲक्रोपोलिस चढत होते, मी खाली आगोरातल्या संग्रहालयात एका फुटक्या संगमरवरी शिळेसमोर उभी होते. पत्रपेटीच्या फटी अगदी लहान करून एकाखाली एक, रांगांमागून रांगा कोराव्यात तशी ती शिळा दिसते. क्लेरोतेरियॉन. सोडतीचं यंत्र.

न्यायालयाच्या दिवशी पंच, म्हणजे खटल्याचा निकाल देणारा, व्हायला आलेला प्रत्येक नागरिक आपल्या नावाची पट्टी घेऊन यायचा. त्या पट्ट्या या फटींत खोचायच्या. पाच जणांची एक आडवी ओळ. शिळेच्या कडेला नळी, तिच्यात काळे आणि पांढरे फासे मिसळून ओतायचे आणि खालून एकेक सोडायचा. पांढरा आला, पहिली ओळ आत. काळा आला, ती ओळ बाहेर, पट्ट्या परत. असं शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानंतर कुठल्या न्यायालयात बसायचं याची पुन्हा सोडत, आणि त्या न्यायालयाच्या रंगाची काठी हातात. सकाळी घरातून निघताना कुणालाच माहीत नसायचं की आज आपण पंच आहोत का, असलो तर कुठल्या खटल्यावर. लाच द्यायची तर द्यायची कुणाला?

हे सगळं आपल्याला कळलं ती हकीगत मला स्वतंत्र सांगावीशी वाटते. ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ शतकानुशतकं हरवलेला होता. 1891 साली तो लंडनमध्ये छापला गेला, इजिप्तमधून आलेल्या पपायरसच्या गुंडाळ्यांवरून. त्या गुंडाळ्यांच्या दर्शनी बाजूवर इसवी सन 78-79 मधल्या एका शेतीचा जमाखर्च आहे. वापरून झालेला तो कागद कुणीतरी उलटा केला आणि पाठीवर अथेन्सची घटना उतरवून घेतली. ती छापून आल्यावरही ‘क्लेरोतेरियॉन’ म्हणजे सोडतीची खोली असावी, असंच अभ्यासक धरून चालले होते. आगोरात सापडलेल्या शिळा आणि ग्रंथातला मजकूर स्टर्लिंग डाऊ या अमेरिकन अभ्यासकाने 1930 च्या दशकात शेजारीशेजारी ठेवला, तेव्हा कळलं की ही खोली नव्हे, यंत्र आहे.

सोडतीने नेमलेली माणसं चुकायची का? चुकायची, आणि भयंकर चुकायची. इसवी सनापूर्वी 406 मध्ये आर्गिनुसाय बेटांजवळ अथेन्सने नाविक लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडत्या जहाजांवरच्या आपल्याच माणसांना वाचवता आलं नाही. चिडलेल्या लोकसभेने, म्हणजे सगळ्या नागरिकांच्या सभेने, परतलेल्या सहा सेनापतींचा एकत्र, एकाच मतदानाने निकाल लावायचं ठरवलं. कायद्याने प्रत्येकाचा खटला वेगळा हवा होता. त्या दिवशी कारभार पाहणाऱ्या 50 जणांत दाण्याने नेमलेला सॉक्रेटिस होता. झेनोफन एके ठिकाणी सांगतो, त्या दिवसाचा अध्यक्षच तो होता. लोक ओरडत होते, धमक्या देत होते. बाकीचे नमले. सॉक्रेटिस म्हणाला, कायद्याविरुद्ध मी काही करणार नाही. तरीही मतदान झालंच, आणि सहाही जणांना मारलं, पेरिक्लीसच्या मुलासकट. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला. सात वर्षांनी सॉक्रेटिसला विषाचा प्याला देणारे पंचही सोडतीचेच होते.

हे मी कधी लपवलं नाही. पण सॉक्रेटिस निवडणुकीला उभा राहून त्या बाकावर आला असता, असं मला वाटत नाही. लोकांना टोचून बोलणाऱ्या, अनवाणी फिरणाऱ्या त्या माणसाला मतं कुणी दिली असती? त्याला तिथे आणलं ते दाण्याने.

आणि एक गोष्ट, जी त्या शिळेसमोर उभं राहिल्यावर मला शिकवताना कधी लागली नव्हती इतकी लागली. त्या फटींत माझ्या नावाची पट्टी कधीच गेली नसती. बाईची नाही, परगावाहून येऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्याची नाही, लाव्रिओनच्या चांदीच्या खाणीत खपणाऱ्या गुलामाची तर नाहीच. इसवी सनापूर्वी 375-374 चा एक कायदा आगोरात दगडावर कोरलेला सापडलाय. बाजारातलं नाणं खरं की खोटं हे पारखायला राज्याच्या मालकीचा एक गुलाम सावकारांच्या मेजांपाशी बसायचा. त्याने खरं म्हटलं की ते नाणं सगळ्यांना घ्यावंच लागे. आणि कामात चुकला तर पाठीवर 50 फटके. अख्ख्या बाजाराचा विश्वास ज्याच्या बोटांवर, त्याला पंचाच्या पट्टीचा हक्क नाही. चिठ्ठीवरून हसणाऱ्यांना मी उत्तर देते, पण यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते शोधायचंही नाही. त्यांचा विचार खरा होता, तो त्यांनी आपल्याच उंबऱ्याशी थांबवला.

त्या पट्ट्यांबद्दल सांगायचं राहिलं. सुरुवातीच्या ब्राँझच्या होत्या, बोटभर लांब, पातळ, त्यावर नाव, वडिलांचं नाव आणि गाव. बऱ्याच पट्ट्यांवर आधीचं नाव ठोकून सपाट केलंय आणि वर दुसरं कोरलंय, म्हणजे एकाची झाली की दुसऱ्याला. पुढे लाकडाच्या आल्या. आज ज्या ब्राँझच्या पट्ट्या उरल्यात, त्यांतल्या कितीतरी थडग्यांत सापडल्या. घरच्यांनी त्या माणसाबरोबर ठेवून दिल्या होत्या.