कात्री न लागलेलं कापड

काटीत बघण्यासारखं तसं काही नाही. मालीची राजधानी बामाकोपासून जेमतेम १५ किलोमीटरवरचं छावणीचं गाव. हिरव्या 'सोत्रामा'त, म्हणजे कडेने लाकडी बाकडी ठोकलेल्या मिनीबसमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन मी गेले ते एका शिंप्यापायी.

१९४९ साली इथे सेदू नुरू दुम्बिया जन्मला. आई भरतकाम करायची. विशीच्या आतच तो गावातल्या शिंप्याकडे शिकायला बसला. मग शेजारच्या देशांतली वागादुगू, आबिजान ही शहरं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थेट पॅरिस. फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियां दिओर हे त्याचं दैवत, म्हणून नावामागे 'क्रिस' लावलं. क्रिस सेदू.

त्याचं खरं नातं बोगोलानशी, म्हणजे चिखलाने रंगवलेल्या मालीतल्या सुती कापडाशी. ते कळायला सेगूला जावं लागलं, नायजर नदीकाठी. तिथल्या अंगणात एक पोरगा हळदीसारख्या पिवळ्या कापडावर वाकून बसला होता. हा पिवळा रंग न्गालामाच्या पाल्याचा. झाड आपल्या धावड्याच्या भाऊबंदांतलं. मडक्यात महिनोन्‌महिने मुरवलेला नदीचा चिखल तो काडीने लावत होता. वास विचारू नका! पाल्यातलं टॅनिन आणि चिखलातलं लोह भेटलं की काळा रंग पक्का बसतो. आपल्याकडे कलमकारीत हिरडा आणि गंजलेलं लोखंड हेच करतात. गंमत म्हणजे तो नक्षी काढतच नव्हता, नक्षीभोवतीची जागा काळी करत होता. राहिलेला पिवळा भाग नंतर उडवून पांढरा करायचा.

हे कापड मूळचं शिकाऱ्यांच्या सदऱ्यांचं, बायकांच्या आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगांचं. प्रत्येक खुणेला अर्थ. पॅरिसमध्ये सेदूला त्याचे तंग स्कर्ट आणि मोटरसायकलवाल्यांची जाकिटं शिवायची होती, पण कात्री चालवायला हात धजेना. हे मला लगेच पटलं. आजीच्या पैठणीचा ड्रेस शिवू म्हटल्यावर आमच्या घरात दोन दिवस अबोला होता! शिवाय अडचण धंद्याचीही होती: नक्षी ठिकठिकाणी बदलते, मग डावी बाही उजवीला जुळणार कशी? त्याने एकच खूण पुन्हापुन्हा येईल असं साधं बोगोलान करवून घेतलं. कापायचं ते हे. पुढे १९९० च्या सुमाराला तो बामाकोला परतला आणि तिथल्या कापड गिरणीसाठी बोगोलानच्या धर्तीवर छापील कापडही आखलं. १९९४ साली वयाच्या ४४ व्या वर्षी तो गेला.

बामाकोत आज बोगोलान पिशव्यांवर, उशांवर, टोप्यांवर, सगळीकडे आहे. लग्नाला मात्र लोक नेसतात ते लाकडी मोगरीने बडवून चकाकवलेलं बाझँ नावाचं सुती कापड.

सेगूहून मीही अडीच मीटर आणलं. आमच्या मास्तरांनी ते टेबलावर पसरलं, उलटसुलट केलं, टेप गळ्यातच राहू दिली.

"ताई, बाह्या जुळायच्या नाहीत हो यात."

घडी घालून घरी आणलं.