आमची वाटचाल : दोन पॅडचा एक पाट

पायाने बाण दाबून नाचायच्या गेमचे दोन सॉफ्ट पॅड (बाण छापलेल्या चटया) शेजारी ठेवले आणि वरून चिकटपट्टी मारली की डबल्सचा सेट तयार, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा घरी तसं करून बघावं. दोन-तीन गाण्यांत पट्टी सुटते, पॅड गोळा व्हायला लागतात, मधली फट वाढत जाते आणि पाय बाणावर पडायच्या ऐवजी फरशीवर पडतो. आम्ही पुण्यात हेच काम करतो, दोन पॅड एका पाटावर जोडून देतो, आणि मध्ये बाजारात आमच्यासारखाच दिसणारा जो माल आला तो आमचा नव्हता, हे मला एकदा नीट लिहून ठेवायचंय कारण अजूनही लोक फोन करून विचारतात की तुमचा तो शिवलेला सेट खराब झालाय, बदलून द्या.

डान्स डान्स रिव्होल्यूशन, म्हणजे पडद्यावर बाण येतील तसे पायाखालचे बाण दाबत नाचायचा गेम, कोनामीने १९९८ साली जपानमध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी ते घरच्या प्लेस्टेशनवर आलं, हे या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये. मॉलमधल्या मशीनला लोखंडी प्लॅटफॉर्म, मागे धरायला दांडी, दोन्ही पॅड एकमेकांना खेटून. घरी मात्र मिळतो तो गुंडाळी होणारा सॉफ्ट पॅड, त्याला चारी बाजूंनी दोन-तीन इंचांची बाण नसलेली पट्टी. आता डबल्स म्हणजे एकच माणूस आठही बाणांवर नाचणार, डाव्या पॅडच्या उजव्या बाणावरून उजव्या पॅडच्या डाव्या बाणावर पाय जाणार, आणि तिथे मध्ये दोन पट्ट्या मिळून चार-सहा इंच मोकळी जागा. मशीनवर खेळलेल्या माणसाचा पाय सवयीने पडतो, तो तिथे हमखास चुकतो. आमचा सगळा धंदा या चार-सहा इंचांवर उभा राहिलाय.

सुरुवातीला तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, पॅड आणायचे, गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर स्टेपमेनिया हा नाचायचा गेम टाकून द्यायचा (तो फुकट आहे, त्याचे पैसे आम्ही कधी कुणाकडून घेतले नाहीत), अ‍ॅडॅप्टर लावून द्यायचा, एवढंच काम होतं. पाटाची कल्पना मामांची. मामा म्हणजे नाना पेठेत गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे, माझे सख्खे मामा नव्हेत पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. मी त्यांच्याकडे दोन पॅड शिवून द्या म्हणून गेलो होतो. त्यांनी पॅड हातात घेतला, कडेने अंगठा फिरवला आणि म्हणाले, "याला सुई लावायची नाही, आत काहीतरी पसरलंय." मग आम्ही एक मेलेला पॅड रांपीने उघडला. वर पीव्हीसी, खाली कार्बन छापलेली प्लास्टिकची फिल्म, मध्ये भोकं पाडलेला पातळ स्पंज, खाली परत फिल्म. पाय दाबला की भोकातून वरची फिल्म खालच्या फिल्मला टेकते आणि बटण लागतं. त्या कार्बनच्या रेघा कडेकडेनेच वरच्या डबीपर्यंत गेलेल्या असतात. सुई एका रेघेतून गेली की तो बाण संपला.

म्हणून आम्ही शिवत नाही आणि चिकटवतही नाही. फेव्हिकॉल एसआर ९९८ सारखं रबरवालं अ‍ॅडेसिव्ह पीव्हीसीवर पहिल्या दिवशी घट्ट बसतं, पण पीव्हीसीतलं तेल हळूहळू त्यात उतरतं आणि ते चिकट राडा होऊन सरकायला लागतं. शिवाय एकदा चिकटवलेला पॅड दुरुस्तीला उघडायचा कसा? मामांची पद्धत अशी : बारा एमएमचा प्लाय, सहा बाय तीन फूट, मध्ये बिजागरी म्हणजे घडी करून पलंगाखाली जातो. त्यावर ईव्हीए शीट, म्हणजे फोमची मऊ शीट. आतल्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या, आणि खालची पट्टी जिथे येते तिथली ईव्हीए तेवढी कापून काढायची, म्हणजे पट्टी त्या खाचेत बसते आणि वर पायाला उंचवटा लागत नाही. खाली वेल्क्रो. बाहेरच्या कडेला पॅड उजेडासमोर धरून रेघा कुठून गेल्यात ते बघायचं, मोकळ्या जागी पंच मारायचा, पितळी आयलेट (भोकाला बसवायच्या कड्या) ठोकायचे आणि नायलॉनच्या दोरीने पॅड पाटावर खाटेसारखा ताणून घ्यायचा. ताण किती द्यायचा हे मामांच्या हाताला कळायचं. जास्त ताणला तर फिल्म टेकून बाण आपोआप लागलेला राहतो, कमी ताणला तर पॅड गोळा होतो. त्यांचा आयलेटचा पंच आणि लाकडी हातोडी आजही वर्कशॉपमध्ये आहे, नवा मशीनचा पंच घेतलाय पण पॅडच्या कामाला मी तो वापरू देत नाही.

तेव्हा धंदा चांगला चालला होता. मग तो अ‍ॅडॅप्टरचा प्रकार झाला आणि आम्ही जवळजवळ बंद पडलो.

प्लेस्टेशनचा पॅड कॉम्प्युटरला लावायला मध्ये यूएसबी अ‍ॅडॅप्टर लागतो, तो आम्ही एकाच सप्लायरकडून घ्यायचो, नाव घेत नाही. त्याने एका लॉटला आतली चिप बदलली. डबी तीच, रंग तोच, स्टिकर तोच, आणि आम्हाला एका शब्दाने सांगितलं नाही. एकेक बाण दाबून तपासलं तर सगळं बरोबर दिसतं, म्हणून हा फरक कुणाला पटकन कळतच नाही. पण सेट घरी गेले आणि तक्रारी सुरू झाल्या, कुणी म्हणे पाट वाकडा आहे, कुणी म्हणे पॅड डुप्लिकेट आहेत, कुणी पैसे परत मागायला दुकानात येऊन आवाज चढवला. दिवाळीचे दिवस, सगळा माल उधारीवर बाहेर, प्लायवाल्याचं देणं, कामावरच्या मुलांचे पगार, आणि सप्लायर फोनवर एकच वाक्य बोलायचा, "तुमचं वायरिंग चेक करा." वायरिंग चेक करा! मल्टिमीटर घेऊन मी रात्र रात्र एकेक रेघ तपासलीये, सगळ्या चालू होत्या.

सुटका केली एरंडवण्याच्या काकूंनी. त्या आमच्या पहिल्या काही गिऱ्हाइकांतल्या, मुलगा परदेशी, घरी त्या आणि काका, रोज सकाळी स्वयंपाकाच्या आधी नाचायच्या. तो लॉट त्यांच्याकडेही गेला होता कारण त्यांनी जुना अ‍ॅडॅप्टर भाचीला दिला होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही, वहीत लिहून काढलं आणि फोन केला : "हे बघ, डावा आणि वर एकत्र आले तर लागतात. उजवा आणि खाली लागतात. पण डावा-उजवा एकत्र आले की दोन्ही गायब, आणि वर-खालीचंही तसंच. आणि एका पॅडचा डावा, दुसऱ्याचा उजवा असं केलं तर बरोबर लागतं, मग पाट वाकडा कसा असेल?"

तिथे डोक्यात प्रकाश पडला. नवी चिप बाणांना बटणं समजतच नव्हती, जॉयस्टिकची दांडी समजत होती. दांडी एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही, म्हणून दोन्ही दाबले की ती मधोमध धरते आणि कॉम्प्युटरला काहीच कळत नाही. उडी, म्हणजे दोन बाण एकदम, असे समोरासमोरचे आले की मिस. आम्हाला लागतो तो अ‍ॅडॅप्टर प्रत्येक बाण वेगळं बटण म्हणून पाठवणारा. सगळे सेट परत बोलावले, दुसरीकडून अ‍ॅडॅप्टर घेतले, पदरच्या पैशाने बदलून दिले, बायकोचे दागिने बँकेत ठेवून. सप्लायरने एक रुपया दिला नाही.

आणि हे सगळं चालू असताना त्याच माणसाने आमचा एक पाट कुणाच्या तरी हाताने विकत घेतला आणि स्वतःचा "जोड पॅड" काढला. प्लाय नाही, ईव्हीए नाही, दोन पॅड कडेला कड लावून सरळ मशीनवर शिवलेले आणि तोच सदोष अ‍ॅडॅप्टर. आमच्या निम्म्या किमतीत. आमच्या गिऱ्हाइकांची यादी त्याच्याकडे होती कारण काही डिलिव्हरी त्याच्याच दुकानातून जायची. ज्या कडेला मामांनी सुई लावायला नकार दिला होता तिथेच त्याने शिवण मारली, महिन्याभरात बाण मरायला लागले आणि नाव कुणाचं खराब झालं? आमचं. लोकांना पुण्यात जोडलेला पॅड म्हणजे आम्हीच माहिती. तो माल संपल्यावर तो मोबाइल कव्हरच्या धंद्यात गेला आणि आम्ही त्याच्या मालाच्या तक्रारींचे फोन अजून घेतोय. मला हे विसरता येत नाही आणि विसरायचंही नाही.

मामा ते सगळं बघून गेले. शेवटपर्यंत शनिवारी वर्कशॉपला येऊन बसायचे आणि पोरांचे आयलेट तपासायचे.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, लॉकडाऊनमध्ये तर पाट पुरवता येईनात. धंदा करणाऱ्या पोरांना सांगतो, सप्लायर कितीही जवळचा असो, प्रत्येक लॉटमधला एक नग उघडून आतला बोर्ड डोळ्यांनी बघा आणि गिऱ्हाइकांची यादी कुणाच्या हातात देऊ नका. आणि गिऱ्हाइकांना सांगतो, पॅडची घडी घालू नका, घडीवर कार्बन तडकतो आणि तिथे सोल्डरिंग होत नाही, फिल्म वितळते, आम्हाला तांब्याची टेप लावून जोडावं लागतं. बूट घालून नाचू नका, मोजेही नकोत, घसरतात. पहिला मजला किंवा वर राहत असाल तर पाटाखाली अजून एक जाड मॅट टाका, खालच्यांशी भांडण्यात काही अर्थ नाही. दोन यूएसबी पॅड असतील तर कुठला कुठल्या पोर्टला तो स्टिकर लावून ठेवा, नाहीतर अदलाबदल होऊन डावा पॅड उजवा होतो आणि तुम्ही आम्हाला फोन करता. नव्या टीव्हीवर चित्र उशिरा येतं, त्याचा ऑफसेट, म्हणजे वेळेचा फरक, स्टेपमेनियात सेट करून घ्या, पॅडला दोष देऊ नका.

काकूंचा पाट तोच आहे, वरचे पॅड तेवढे बदलत आलोय. आता गुडघ्यामुळे त्या डबल्स खेळत नाहीत, नात सुट्टीला आली की ती खेळते, आणि मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला की उजव्या पॅडचा खालचा बाण आपोआप लागतोय, दोरी सैल करू का? म्हटलं हात लावू नका, स्पंज बसलाय, मी रविवारी येऊन उघडून बघतो.