घरच्यांना शूटिंग रेंजवर नेताय? पहिलं कार्ड कोरं लावा

स्वप्नील कुसाळेला २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून आमच्या घरात सगळेच नेमबाजीतले जाणकार झालेत. पोरगा कांबळवाडीचा, म्हणजे राधानगरी तालुका, आमच्या आजोळच्या बाजूचा, मग काय, गणपतीत सगळे जमले की मला एकच, तू जातोस ना त्या रेंजवर, आम्हाला कधी नेणार. त्याची ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची) वेगळी, त्यात खरी काडतुसं असतात, लायसन्स लागतं, ते आपलं काम नाही, आपण १० मीटर एअर रायफलवाले, हे सांगून थकलो, आणि दिवाळीच्या सुट्टीत वरात निघालीच. सासरे (आम्ही अण्णा म्हणतो), वहिनी, ताईची मुलगी, आणि आई, जी "मी नुसती बसणारे" म्हणून आली आणि खरंच नुसती बसली.

असं कुणाला न्यायचं असेल तर आधी रेंजवर फोन करून विचारा, पाहुणे चालतात का, लहान मुलं चालतात का, तिथली रायफल मिळेल का. सगळीकडे नियम सारखे नसतात.

सेफ्टीचं सगळ्यांनाच तोंडपाठ असतं, नळी कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पण घरच्यांचा प्रॉब्लेम वेगळाच असतो, मागून कुणीतरी "अगं इकडे बघ" म्हणतं आणि हातात रायफल घेऊन माणूस वळतो! म्हणून मी गाडीतच सांगून ठेवलं होतं, लेनवर (नेम धरायच्या जागेवर) उभ्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, वळायचं असेल तर आधी रायफल टेबलावर, आणि फोटो फक्त मागून. वहिनींना हे शेवटचं अजिबात पटलं नाही.

आता मुद्द्याचं. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी छापील टार्गेट देऊ नका, कार्ड उलटं करून कोरी पांढरी बाजू लावा. कारण १० मीटरच्या रायफल टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आपला पॅलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला लागायचं ते लागणाऱ्यापेक्षा बारीक. तो ठिपका दिसला की माणूस बाकी सगळं विसरतो आणि "आत्ता! आत्ता!" करत ट्रिगरला झटका देतो. कोऱ्या कागदावर झटका द्यायला काही कारणच नसतं. पाच शॉट मारा, भोकं एकमेकांच्या जवळ आली का एवढंच बघा, ते ग्रुपिंग. कुठे लागलं ते नंतर.

अण्णांना हा अपमान वाटला. "जत्रेत फुगे फोडलेत ओ आम्ही, कोरा कागद काय देताय." बरं म्हणून छापील लावलं, पहिला शॉट डावीकडे, लगेच म्हणे काटा सरकवा, म्हणजे साइट, ज्यातून नेम धरतात ती. दुसरा वर, म्हणे खाली घ्या. एकेका शॉटवर साइट फिरवत बसलात तर संध्याकाळपर्यंत साइटची चूक कुठली आणि हाताची कुठली ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. शेवटी कार्ड उलटं केलंच. ग्रुप बरा जमायला लागल्यावर परत छापील लावलं, ग्रुप घट्ट पण सगळाच्या सगळा डावीकडे, मग साइटचा स्क्रू थोडा फिरवला (त्याला क्लिक देणं म्हणतात) आणि अण्णा टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलात आले. मग मात्र ते शेजारच्या लेनवाल्याला समजावत होते, आधी ग्रुप हो, आधी ग्रुप.

उभं राहायचं कसं याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. उजव्या हाताच्या माणसाने डावी कूस टार्गेटकडे करायची, पाय खांद्याएवढे लांब, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं. नियमात रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, ते वजन दंडावर घेतलंत तर दोन मिनिटात थरथर सुरू, हाडावर घेतलंत तर बराच वेळ जातो. वहिनींना आधी स्टँडवर टेकवूनच मारायला लावलं. उभं राहून नेम धरला की डोळे मिटायचे, श्वास सोडायचा, डोळे उघडायचे. नळी बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, पाय सरकवायचे. ही एक गोष्ट कुणालाच पटत नाही आणि करून बघितली की सगळे गप्प होतात.

भाचीचं वेगळंच निघालं. उजवा हात, पण डोळा डावा. हे ओळखायला सोपं आहे, दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये छोटी खिडकी करून लांबचं काहीतरी बघायचं आणि आलटून पालटून एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने ते खिडकीत राहतं तो तुमचा. ती अगदीच नवीन म्हणून सरळ डाव्या खांद्यावर रायफल दिली, आणि दुसऱ्या डोळ्यापुढे कागदाची पट्टी. डोळा मिटून धरू देऊ नका, चेहरा आखडतो आणि लवकर थकवा येतो.

पीप साइटमधून (मागच्या बारीक भोकाच्या साइटमधून) बघताना पुढची रिंग स्पष्ट हवी, टार्गेटचा काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालेल. अर्धा श्वास सोडून थांबायचं, सात-आठ सेकंदात शॉट सुटला नाही तर रायफल खाली, परत पहिल्यापासून. "मामा सुटतच नाहीये" म्हणाली की मी म्हणायचो, मग नको सोडूस. ट्रिगर बोटाच्या पेराने सरळ मागे, हळूहळू, आणि शॉट सुटल्यावर लगेच मान वर करायची नाही, एअर रायफलचा पॅलेट हळू असतो, तो नळीत असतानाच हललात तर गेला. आमच्याकडे सगळ्यांच्या माना वर. मग पॅलेट न घालता ड्राय फायर करायला लावलं, क्लबच्या रायफलला ती सोय असते. स्प्रिंगवाल्या एअरगनला मात्र असं करू नका, आतून खराब होते.

आणि पॅलेट शिशाचे असतात, तेव्हा वडापाव काढायच्या आधी साबणाने हात. हे आईने सगळ्यांकडून करून घेतलं.

येताना गाडीत अण्णांचं सुरू, आपण एक घेऊनच टाकू. पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची, २० जूलच्या आतली एअर रायफल लायसन्सशिवाय घेता येते हे खरं, पण मी म्हटलं थोडे दिवस तिथलीच वापरा. दस्ता, गालाची पट्टी सगळं अंगाच्या मापाने लावावं लागतं, तुम्ही सहा फूट, भाची एवढीशी, त्यात ती डाव्या खांद्यावरून मारणारी. दोघांत एक कशी घेणार?